‘तू काय इंजिनिअर आहेस का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कराडजवळच्या एका गावातला. वय २८. दहावीनंतर आयटीआयला वीजतंत्रीचा ट्रेड केला, पुढे एक वर्ष अप्रेंटिसशिप, आणि तेव्हापासून एका कॉन्ट्रॅक्टरकडे घरांच्या वायरिंगची कामं करतो. आता हाताखाली दोन पोरं आहेत. चांगल्या महिन्यात तीस-पस्तीस हजार सुटतात, पावसाळ्यात त्याच्या निम्मेही नाहीत. धाकटा भाऊ मेकॅनिकलचा बी.ई. आहे, चाकणला कंत्राटी नोकरीत अठरा हजारांवर. पण पाहुण्यारावळ्यांत ‘इंजिनिअर’ तो आणि ‘वायरमन’ मी.

गेल्या महिन्यात एका बंगल्याचं काम संपत आलं होतं. फरश्या झाल्या, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले आणि मग लक्षात आलं की अर्थिंगचा खड्डाच राहिला. मालक म्हणाले, आता उकराउकरी नको, न्यूट्रलवरून अर्थिंग देऊन टाक, सगळे तसंच करतात. मी म्हटलं, मी नाही करणार. त्यावर आमच्या कॉन्ट्रॅक्टरनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘तू काय इंजिनिअर आहेस का?’ दुसऱ्या पोराकडून ते करून घेतलं आणि टेस्ट रिपोर्टवर सही करून टाकली. ते त्या बंगल्यात एकदाही आले नव्हते. त्या दिवशीच पहिल्यांदा आले.

वडील म्हणतात, अजून वय गेलेलं नाही, डिप्लोमा कर, डिग्री कर, निदान लग्न तरी जमेल. दोन स्थळं ‘मुलगा वायरमन’ ऐकून परत गेली. मध्यस्थ म्हणतात, बायोडेटात ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग लाइनमध्ये’ असं लिहू. आणि भाऊ म्हणतोय की नोकरी सोडून तुझ्याबरोबर येतो.

माझ्याकडे डिग्री असती तर त्या दिवशी माझं ‘नाही’ कोणी ऐकलं असतं का? एवढंच मला कळत नाही.

— एक वायरमन

—————

नमस्कार.

पत्र थोडं आटोपशीर केलं आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

डिग्रीचं, लग्नाचं, भावाचं नंतर. आधी तो बंगला, कारण तिथं माणसं राहायला येणार आहेत आणि कधीतरी गिझर लावणार आहेत.

हे काम न करणाऱ्या वाचकांसाठी सांगते. तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची जाड पिन अर्थिंगची. गिझर किंवा वॉशिंग मशीनच्या आत कुठं वायर सोलवटली आणि पत्र्याला टेकली, तर तो करंट या पिनेतून हिरव्या वायरीनं जमिनीत जायला हवा. बोर्डातली आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, हाच हिशेब सतत बघत असते. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का? साधारण ३० मिलीअँपिअरची तूट दिसली की ती पडते. अर्थिंग नीट असेल तर ती कोणी हात लावायच्या आधीच पडते. अर्थिंग मुळीच नसेल तर माणसानं हात लावल्यावर, त्याच्या अंगातून करंट गेल्यावर पडते. आणि ‘न्यूट्रलवरून अर्थिंग’ म्हणजे सॉकेटमध्ये अर्थच्या पिनेला न्यूट्रलची तार जोडून मोकळं व्हायचं. मग गळणारा करंट न्यूट्रलमधूनच परत येतो, आरसीसीबीला तूट दिसत नाही आणि ती गप्प बसते. त्यातच न्यूट्रल कुठं सुटली किंवा तुटली, तर गिझरच्या पत्र्यावर, नळावर सरळ २३० व्होल्ट. टेस्टर लावला तर सॉकेट ठणठणीत दिसतो, दिवा लागतो, पंखा फिरतो. घरमालकाला कधीच काही कळत नाही.

म्हणजे तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच होतं, आणि त्याबद्दल शंका घेऊ नका. फक्त ते तोंडी राहिलं. आज संध्याकाळी त्या मालकांना व्हॉट्सअॅपवर साध्या भाषेत लिहा: बंगल्याला अर्थिंगचा खड्डा केलेला नाही, सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडलेली आहे, ती काढायला हवी, तोपर्यंत गिझर आणि वॉशिंग मशीन चालू करू नये, पेव्हर ब्लॉक फोडावे लागत नाहीत, चार उचलून परत बसवता येतात, आणि हल्ली भोक पाडून इलेक्ट्रोड उतरवूनही अर्थिंग करतात. कॉन्ट्रॅक्टरबद्दल एक शब्दही नको. मालकांना बहुतेक वेळा धोका सांगितलेलाच नसतो, त्यांना फक्त ‘उकरावं लागेल’ एवढंच ऐकू येतं. इतकं करूनही त्यांनी कानाडोळा केला तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात कळवायचा रस्ता आहे. त्या रस्त्यानं गेलात तर या कॉन्ट्रॅक्टरकडचं काम गेलं असं धरून चाला. मी असते तर गेले असते, पण माझं पोट त्यांच्यावर नाही, म्हणून तुम्हाला आग्रह करत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. डिग्री असती तर ऐकलं असतं का?

नसतं ऐकलं. तुमचा भाऊ इंजिनिअर आहे ना, त्यालाच विचारा. चाकणच्या शॉपफ्लोअरवर ‘हा पार्ट पास करू नका’ असं त्यानं म्हटलं आणि मॅनेजर म्हणाला ‘कर’, तर तो काय करतो? कंत्राट पुढच्या महिन्यात वाढायचं असतं. बी.ई.चं सर्टिफिकेट त्याला कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसवील, पण त्याच्या ‘नाही’च्या मागे उभं राहणार नाही.

लोकांना वाटतं की एकीकडे डोक्याची कामं, दुसरीकडे हाताची, आणि मधे भिंत. तशी भिंत मला कुठं दिसत नाही. सर्जन दिवसभर हातानंच काम करतो. तीन फेजांवर घराचा लोड वाटताना, कुठल्या पॉइंटला दीडची वायर आणि कुठं चारची हे ठरवताना तुम्ही काय डोकं घरी ठेवून जाता? फरक मला दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. काम चुकलं तर जबाब कोणाला द्यायचा, आणि पैसे देणाऱ्यालाच नाही म्हणायची वेळ आली तर तुमच्या पाठीशी कोण आहे.

डॉक्टरकडे बघा. त्याची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. पेशंट म्हणाला ‘मला हेच इंजेक्शन द्या’, तर तो ‘नाही देणार’ म्हणू शकतो, कारण उद्या परिषदेनं विचारलं तर नोंदणी त्याची जाणार आहे, पेशंटची नाही. वकिलांसाठी १९६१ चा कायदा आणि बार कौन्सिलची सनद. सीएंसाठी १९४९ चा कायदा आणि त्यांची इन्स्टिट्यूट. आर्किटेक्टसाठी १९७२ चा. नोंदणी नसेल तर नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावताच येत नाही. या सगळ्यांवर स्वतःच्याच धंद्यातल्या माणसांची नजर असते, आणि तीच नजर अडचणीच्या वेळी ढालही होते. ‘साहेब, माझी सनद जाईल’ हे वाक्य म्हणता येणं ही फार मोठी सोय आहे.

इंजिनिअरला ही सोय आपल्याकडे नाही. बांधकामाचे नकाशे सादर करणाऱ्या किंवा स्ट्रक्चरचा दाखला देणाऱ्याला महापालिकेचा परवाना लागतो, तेवढी गोष्ट सोडली तर डॉक्टर-वकिलांसारखी सक्तीची देशपातळीवरची नोंदणी त्यांच्यासाठी नाहीच. नावापुढे ‘इंजिनिअर’ कोणीही लावतो. उलट तुमच्या कामाला परवाना लागतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंग करायला राज्य सरकारचा परवाना असलेला ठेकेदार लागतो, देखरेखीला दाखलाधारक पर्यवेक्षक लागतो आणि हात लावणाऱ्याकडे स्वतःचा परवाना लागतो. तुमच्या पत्रात या परवान्याचा उल्लेख नाही. तुम्ही तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना काढलेला नाही असा मी अर्थ घेते. (काढला असेल तर माफ करा, आणि पुढचं अर्धं पान सोडून द्या.)

म्हणजे कॉन्ट्रॅक्टरनं विचारलं ते चुकीच्या पत्त्यावर. त्यांनी विचारायला हवं होतं, ‘तुझ्याकडे परवाना आहे का?’ आणि तुम्ही विचारायला हवं होतं, ‘टेस्ट रिपोर्टवर सही करायच्या आधी तुम्ही मेगर लावला का?’ (मेगर म्हणजे वायरिंगमधून करंट कुठं गळतोय का ते तपासायचं यंत्र.)

या सहीबद्दल थोडं बोलायलाच हवं. नवीन जोडणीच्या अर्जाबरोबर महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो कागद म्हणतो की मी हे काम बघितलं, तपासलं, ते सुरक्षित आहे. गावोगाव हा कागद न बघता दिला जातो. सही हीच विकायची वस्तू झाली आहे. आणि हे फक्त तुमच्या लाइनीत होतं असं समजू नका. न बघता नकाशावर शिक्का मारणारे आर्किटेक्ट, चोपड्या न उघडता सही करणारे सीए, पेशंट न पाहता दाखला देणारे डॉक्टर तुम्हीही बघितले असतील, मीही बघितले आहेत. सनद आहे म्हणून माणूस आपोआप सरळ वागतो असं कोणी सांगितलं तर मी हसते. पण एवढं खरं, की उद्या त्या बंगल्यात काही झालं तर कागदावर नाव तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचं आहे. पैसा त्याला त्यासाठीच मिळतो, तुमच्यापेक्षा जास्त. घाम तुमचा आणि नाव त्यांचं, अशी ही वाटणी आहे. तुमच्या पत्रातला सगळा सल मला या वाटणीतून आलेला दिसतो, ‘वायरमन’ या हाकेतून नाही.

कायदाही या बाबतीत मजेशीर आहे. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सेवेत कसूर केली म्हणून वकिलाला ग्राहक आयोगात खेचता येणार नाही. कारण देताना न्यायालयानं हाच फरक केला: सनदी पेशात वरच्या दर्जाचं शिक्षण आणि बुद्धीचं काम असतं, आणि यश बऱ्याच अशा गोष्टींवर अवलंबून असतं ज्या त्या माणसाच्या हातात नसतात, म्हणून त्याला व्यापाऱ्याच्या तागडीत तोलता येत नाही. डॉक्टर मात्र १९९५ च्या निकालापासून ग्राहक कायद्याखाली आहेत. आणि पैसे घेऊन वायरिंग करणारा ठेकेदार तर कधीचाच आहे. वकील केस हरला तर ‘कोर्टाच्या मनात तसं होतं’ म्हणू शकतो. तुम्हाला ‘गिझरच्या मनात तसं होतं’ म्हणता येत नाही. मला विचाराल तर तुमच्या कामाची हीच शान आहे. ते एकतर नीट असतं किंवा नसतं. पण ते भिंतीच्या आत, प्लॅस्टरमागे असतं, म्हणून गिऱ्हाइकाला तपासता येत नाही, आणि त्या बाबतीत तुम्ही डॉक्टरच्याच जागी आहात. त्यानं विश्वासच ठेवायचा. मग तो विश्वास ज्याच्या नावावर ठेवायचा, ते नाव तुमचं का नसावं?

म्हणून वडिलांना सांगा: शिकतो, पण कशासाठी शिकतो ते मी ठरवणार. पहिली पायरी तारतंत्रीचा परवाना. तो शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. अर्ज, अनुभवाचा दाखला, फी यांचं जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन विचारा, एजंटाला नाही. अनुभवाचा दाखला आत्ताच्या कॉन्ट्रॅक्टरकडून घ्यायचा आहे, हे व्हॉट्सअॅपचा मेसेज लिहिताना ध्यानात असू द्या. म्हणून तर म्हटलं, त्यांचं नाव नको. पुढची पायरी पर्यवेक्षकाचा दाखला, आणि मग ठेकेदाराचा परवाना. डिप्लोमाचा खरा उपयोग इथं आहे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा असला की पर्यवेक्षकाच्या दाखल्याची वाट बरीच सोपी होते, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. कामावर असणाऱ्यांसाठीचे वर्ग कुठं चालू आहेत का, ते तंत्रनिकेतनात चौकशी करून बघा. पण दोन वर्षं काम बंद ठेवून डिप्लोमा, मग तीन वर्षं बी.ई., हे पाहुण्यांच्या तोंडासाठी करू नका. पाच वर्षांनी तुम्ही भावाच्या रांगेत जाऊन उभे राहाल, आणि त्या रांगेचा पगार तुम्हीच मला लिहून कळवला आहे.

जर्मनीत हे नीट बसवलेलं आहे म्हणून उदाहरण देते, तिकडं जा म्हणून नाही. तिथं वीजतंत्रीचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, आठवड्यातले बरेचसे दिवस कामावर आणि थोडे शाळेत. पुढे ‘माइस्टर’ची परीक्षा असते, आणि या धंद्यात स्वतःच्या नावानं काम घ्यायचं तर साधारणपणे माइस्टर असावंच लागतं. त्यांच्या पात्रतेच्या आठ पायऱ्यांत माइस्टर सहाव्या पायरीवर आहे, बॅचलर पदवीच्या बरोबरीनं. म्हणजे हात काळे करूनच वर जायची शिडी आहे, शिडी चढायला हात धुवावे लागत नाहीत. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यामुळे तुमच्या आयटीआयच्या ग्रुपवर जर्मनीचे मेसेज फिरत असतीलच. जायचं असेल तर भाषा आधी, पासपोर्ट नंतर, आणि एजंटाला पैसे अजिबात नाहीत. पण तुमच्या पत्रात परदेशाचं नाव नाही, म्हणून इथंच थांबते.

एक फरक मात्र खरा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. वयाचा. डॉक्टरचे केस पांढरे झाले की फी वाढते, म्हाताऱ्या वकिलाकडे लांबून लोक येतात. पन्नाशीच्या वायरमनला घोड्यावर चढून छतात ड्रिल मारायला सांगा. खांदा आधी जातो, मग गुडघे. मी एका आयटीआयमध्ये रोजगार कौशल्यं शिकवत असे, तेव्हा निदेशकांच्या खोलीत जुने विद्यार्थी भेटायला यायचे. चाळिशी ओलांडलेले दोन प्रकारचे असत. काही जण अजून खाच मारत होते आणि दर पॉइंटमागचा रेट पडला म्हणून कावलेले होते. काही जण अंदाजपत्रकं करत होते, पोरांना शिकवत होते, लोड काढून देत होते, सही करत होते. दोघांचं कसब सारखंच. दुसऱ्या गटानं तिशीत कागद करून घेतले होते, बस. तुम्ही २८ चे आहात.

तोवर शरीराची आणि पावसाळ्याची सोय बघा. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्याला ती करता येते आणि विजेचं काम त्यात मोडतं. पोरांचीही करा. अपघात विमा काढा. पावसाळ्यात नवी बांधकामं थंडावतात हे दरवर्षीचं आहे, मग त्या महिन्यांत जुन्या घरांची अर्थिंग आणि वायरिंग तपासणी का घेऊ नये? पहिल्या पावसात ज्याच्या भिंतीला करंट येतो त्याला तेव्हाच वायरमनची खरी आठवण होते.

आता पाहुणे. ‘वायरमन’ ऐकून परत गेलेल्या स्थळांबद्दल तुम्हाला राग आहे, तो पत्रात लपलेला नाही. हातानं काम करणाऱ्याला एक पायरी खाली बसवायची आपली सवय जुनी आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्यावाचून गावाचं पान हलत नव्हतं, आणि तरी त्यांना दाम ठरवायचा हक्क नव्हता. खळ्यावर जे वाट्याला येईल ते बलुतं. काम कोणतं करायचं तेही जन्मानं ठरलेलं. तुमच्या शेजारच्या पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर १९६२ च्या सुमाराला वीज तयार व्हायला लागली. विजेचा बलुतेदार कोणत्याच गावात नव्हता; हा धंदा कोणत्याच जातीचा नाही, कोणीही शिकावा असा आहे. तरी बघायची नजर लोकांनी जुनीच लावली. दुसऱ्या बाजूला हेही बघा, की १८८२ साली जोतिराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं, त्याखाली स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर (म्हणजे नगरपालिकेचा सभासद) अशी लिहिली. ज्या माणसानं मुलींची शाळा काढली त्याला ‘व्यापारी, शेतकरी’ लिहायला संकोच वाटला नाही.

पण सगळीच स्थळं त्या नजरेनं परत जातात असंही नाही. मुलीच्या आईला बहुतेक वेळा एकच भीती असते: महिन्याच्या महिन्याला पैसा येतो का, आणि शिडीवरून पडला तर काय? ही भीती रास्त आहे. तिला ‘इंजिनिअरिंग लाइन’ हे उत्तर नाही. ते खोटं आहे आणि साखरपुड्याच्या आत उघडं पडेल. ज्या घरात खोट्यानं शिराल तिथं जन्मभर सासऱ्यांच्या घरचे फ्यूज मान खाली घालून बदलावे लागतील. उत्तर कागदात आहे. आयकराचं विवरणपत्र भरायला लागा, कर लागत नसला तरी. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं, परवाना, विमा, बँकेचं पासबुक. बायोडेटात सरळ लिहा: वीजतंत्री, परवानाधारक, हाताखाली दोन कामगार, वर्षाचं उत्पन्न इतकं. हे वाचून जे परत जातील ते जाऊ द्यात. मध्यस्थांना म्हणावं, भाषा तुमची नको, ओळखी तेवढ्या द्या.

राहिला भाऊ. तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे, आणि ती वाचून मला वाटलं की तुम्हाला आनंदही झालाय आणि थोडी धास्तीही. घ्या त्याला, पण भावकीच्या भावनेत नको. छतावरच्या सोलरची कामं वाढली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि त्यावरच्या घरगुती सोलरला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि त्यासाठीचे ऑनलाइन अर्ज, स्ट्रक्चरचं माप, वाऱ्याचा भार, कोटेशन या गोष्टींत मेकॅनिकलवाला उपयोगी पडेल. उद्यम नोंदणी, बिलं, विवरणपत्रं त्याच्याकडे द्या. पहिलं वर्ष त्याला ठरावीक पगारावर ठेवा, चाकणपेक्षा हजार-दोन हजार कमी असला तरी चालेल. भागीदारीचा विषय वर्षानंतर, तोही लेखी. पहिले काही महिने त्याला तुमच्या पोरांबरोबर साइटवर पाठवा, वायर ओढू द्या, मेगर लावू द्या. आणि गिऱ्हाइकासमोर तो ‘इंजिनिअरसाहेब’ आणि तुम्ही ‘आमचा वायरमन’ असं होऊ लागलं, तर त्याच दिवशी दोघांनी बसून बोला, आईवडिलांना मधे न घेता. कामाचं शेवटचं ‘हो’ किंवा ‘नाही’ तुमचं राहील, हे त्याला यायच्या आधीच सांगून ठेवा.